बांधापलीकडचा अपघात



रस्ते अपघातांवर आपण पुष्कळ बोलतो, आणि बोलायलाच हवे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर दगावली. मात्र हा हिशेब पोलिसांनी नोंदवलेल्या, रस्त्यावरच्या अपघातांचा आहे. उसाच्या फडात, साखर कारखान्याच्या यार्डात किंवा वीटभट्टीवर एक वाहन दुसऱ्यावर आदळून वर बसलेला माणूस जखमी झाला, तर तो या हिशेबात बहुधा येतच नाही. त्याची पहिली नोंद आपल्या रुग्णालयांतल्या केसपेपरवर होते आणि ती आपण धडपणे करत नाही, हे मला आज मांडायचे आहे.

‘अशा ठिकाणी वेग तो किती, इजा किरकोळच असणार,’ असे आपल्यातलेच काही जण म्हणतात. मोटारीत पट्टा लावून बसलेल्यापुरते ते खरे. गळीत हंगामात फडात भरलेली ट्रॉली उभी असते, मोळ्यांवर तोडणी मजूर बसलेले असतात आणि दुसरा ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली मागे घेताना तिला ठोकतो. वेग पायी चालण्याइतकाच. पण मोळीवरच्या बाईला ना सीट, ना धरायला दांडी. ती दोन ट्रॉल्यांच्या मध्ये पडते आणि पेल्व्हिस चिरडून आपल्याकडे येते. मडगार्डवर बसलेला पोरगा घसरला, तर मोठ्या चाकाखालीच जातो. इथे इजा ठरते ती बसायच्या जागेवरून. कॅज्युअल्टीत मात्र रस्ता नाही म्हणून ‘आरटीए’ (रस्ते अपघात) लिहीत नाहीत; ‘फॉल फ्रॉम हाइट’ असा शेरा पडतो आणि ट्रॅक्टर कागदावरून गायब होतो.

आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत रस्त्याबाहेरच्या वाहन-अपघातांसाठी स्वतंत्र संकेतांक आहेत. शेतीच्या वाहनावरचा प्रवासीही त्यात वेगळा दाखवता येतो. गंमत अशी, की अपघात रस्त्यावर झाला की बाहेर, हे कागदावर नसेल तर मोटारीचा अपघात रस्त्यावरचा धरायचा आणि ट्रॅक्टरचा रस्त्याबाहेरचा, असा त्यात नियम आहे. म्हणजे आपण गप्प राहिलो, तर हमरस्त्यावर उलटलेली ट्रॉली शेतात जमा होते आणि खळ्यात धडकलेली जीप रस्त्यावर.

‘इजा किरकोळ’ याहून वजनदार आक्षेप विम्याचा आहे. ‘रस्त्याबाहेर’ असे लिहिले तर कंपनी हात वर करील, या धास्तीने नातेवाईकच ‘साहेब, रोडवर झालं असं लिहा’ म्हणून गळ घालतात. धास्ती अगदीच निराधार नाही, कारण मोटार वाहन कायदा विम्याची सक्ती करतो ती सार्वजनिक ठिकाणापुरती. परंतु खासगी मालकीच्या जागेत लोकांना प्रवेश असेल, मग तो नियंत्रित का असेना, तर ती जागाही सार्वजनिक ठिकाणात मोडते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्येच दिला आहे. फाटक असलेले यार्ड त्यात बसू शकते. फडाबद्दल वाद होईल, हे मान्य. तरी कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याला रस्त्याची अट नाही, आणि ट्रॅक्टरने होणाऱ्या शेतीतला मजूर त्याच्या परिशिष्टात आहे. उलट केसपेपर एक सांगतो आणि पंचनामा दुसरेच, अशा वेळी खरा दावाही बुडतो.

मोजून होणार काय, असेही विचारले जाते. अमेरिकेत रस्त्याबाहेरच्या वाहन-अपघातांची माहिती गोळा करण्याचे बंधन २००८ मध्ये कायद्याने घातले गेले. घराच्या आवारात मागे येणाऱ्या मोटारीखाली मुले सापडत होती. त्याच कायद्यातून मागच्या दृश्याचा नियम आला आणि २०१८ पासून तिथल्या नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. त्यातली मुले वाहनाबाहेरची होती आणि आपले मजूर वाहनावरचे, हा फरक मला दिसतो. म्हणूनच त्यांचा उपाय जसाच्या तसा उचलायला मी सांगत नाही. आपल्याकडे कदाचित ट्रॉलीला जोडलेले साधे बाकडे लागेल, कदाचित मजुरांसाठी वेगळी गाडी. ते आकड्यांशिवाय कोणाला पटवणार?

रात्री दोन वाजता इंटर्नला लांबलचक फॉर्म भरता येणार नाही. त्यामुळे तीनच रकाने सुचवतो: जागा कोणती, वाहने कोणती, रुग्ण कुठे बसला होता. ऊसपट्ट्यातल्या ज्या रुग्णालयांची तयारी असेल, त्यांनी येत्या हंगामात पहिली मोळी पडल्यापासून ते भरायला घ्यावेत आणि जमतील ते आकडे, तोकडे असले तरी, पुढच्या अधिवेशनात याच व्यासपीठावर ठेवावेत.