फ्रेडरिक्सबर्ग : एका जर्मन गावाची भेट
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत एखादे प्रवासवर्णन सांगावे, अशी कार्यवाहांची सूचना आली तेव्हा आम्हांला थोडा संकोच वाटला. हे मंडळ स्थापन झाले त्या काळी परदेश पाहून आलेला मनुष्य या नर्मदाकाठच्या शहरात विरळा होता. आज घरटी एखादा मुलगा किंवा मुलगी समुद्रापलीकडे आहे. तेव्हा नायगाराचे वर्णन करून आपला वेळ घेण्याचे आम्ही मनात आणलेले नाही. अमेरिकेत टेक्सस राज्यात फ्रेडरिक्सबर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. लोक तेथे जेवायला आणि गमतीची दुकाने पाहायला जातात. आम्ही उभयतांही त्याच हेतूने गेलो होतो. परत आलो ते मात्र एक प्रश्न घेऊन, आणि तो प्रश्न मांडण्यास आजच्यासारखे दुसरे स्थळ नाही.

ऑस्टिन शहरात मुलाकडे आमचा मुक्काम होता. तेथून पश्चिमेस सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर हे गाव आहे. वाटेत चुनखडीच्या बुटक्या टेकड्या, ओकची झाडे आणि रस्त्याच्या कडेला पीच फळांच्या टोपल्या मांडून बसलेले बागाईतदार दिसतात. जून महिना असल्याने पीच ऐन बहरात होते. गावात शिरताच मुख्य रस्त्याची रुंदी डोळ्यांत भरते. बैलांच्या जोड्या जुंपलेली गाडी भर रस्त्यात वळवता यावी, म्हणून तो इतका रुंद ठेवला असे सांगतात. या रस्त्याला छेदणाऱ्या गल्ल्यांच्या नावांतही एक गंमत आहे. गावाच्या मध्यापासून पूर्वेकडे जात गल्ल्यांची आद्याक्षरे जुळवली, तर 'ऑल वेलकम' असे शब्द होतात. पश्चिमेकडे जात जुळवली, तर 'कम बॅक'. सर्वांचे स्वागत, आणि पुन्हा या. आम्हांला कौतुक वाटले. जर्मन गावाने हे स्वागत इंग्रजीत केले आहे, हे मात्र त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

या गावाचा थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. जर्मनीतील काही सरदारांनी १८४२ साली एक संस्था स्थापून आपल्या देशबांधवांना टेक्ससमध्ये वसवण्याचा उद्योग आरंभिला. ८ मे १८४६ रोजी सुमारे सव्वाशे माणसांचा पहिला तांडा बैलगाड्यांतून येथे पोहोचला. प्रत्येक कुटुंबास गावात घरापुरती जागा आणि बाहेर दहा एकर जमीन मिळाली. आरंभीच्या काळातच साथ पसरून शंभराहून अधिक माणसे दगावली. भोवतालचा मुलूख कोमांची लोकांचा होता. तथापि वसाहतीचे प्रमुख मॉयझेबाख यांनी १८४७ मध्ये त्या लोकांशी तह केला आणि तो उभय पक्षांनी पाळला, असे गावकरी आजही अभिमानाने सांगतात. ईस्टरच्या आदल्या रात्री भोवतालच्या टेकड्यांवर जाळ पेटवण्याची प्रथा या गावात रूढ झाली. तिची दंतकथाही या तहाच्या दिवसांतली. टेकड्यांवरचे कोमांचींचे जाळ पाहून भ्यालेल्या मुलांना एका आईने म्हणे समजूत घातली, की ईस्टरचा ससा तेथे अंडी रंगवण्यासाठी आधण ठेवतो आहे. घाबरलेल्या लेकरांना आपल्या घरच्या गोष्टीने धीर देणारी ती आई आम्हांला फार जवळची वाटली.

आता जेवणाकडे वळू. गावात जर्मन पद्धतीची भोजनगृहे अनेक आहेत. आमच्या मंडळींना मांसाहार वर्ज्य असल्याने प्रथम पंचाईत झाली. भाजलेले सॉसेज, पातळ ठोकून पाव-चुऱ्यात तळलेले श्नित्सेल, हे सारे आमच्याच ताटात आले आणि आम्ही त्याचा यथास्थित समाचार घेतला. त्यांच्यासाठी बटाटे किसून केलेली खमंग धिरडी आली, सोबत सफरचंदाचा गोड गर. पहिला घास घेताच त्या म्हणाल्या, "अहो, हे तर आपलं उपासाचं थालीपीठ!" मीठ लावून आंबवलेली कोबी, व्हिनेगर व मोहरी घातलेले बटाट्याचे सॅलड, तांबड्या कोबीची आंबटगोड भाजी, असे डाव्या बाजूचे पदार्थ पाहून आपल्या पानाची आठवण झाली. शेवटी पीच घातलेला गरम गोड पदार्थ आणि वर आइस्क्रीमचा गोळा. हा शेवटचा पदार्थ जर्मन नव्हे, टेक्ससचा. दोन्ही एकाच पानात सुखाने नांदत होते.

दुकानांची मौज निराळी. १९२३ साली सुरू झालेले पाच, दहा व पंचवीस सेंटांच्या मालाचे एक जुने दुकान आम्ही पाहिले. बिडाचे तवे, उन्हाच्या टोप्या, लाकडी खेळणी, बरण्यांतल्या गोळ्या असा सारा माल तेथे आहे. आमच्या लहानपणीच्या बोहऱ्याच्या दुकानाची आठवण व्हावी असे ते दुकान. पलीकडे ऐन जूनमध्ये नाताळची झाडे शृंगारलेले दुकान. एका ठिकाणी मुरंबे, चटण्या आणि लोणच्यांच्या असंख्य बरण्या उघड्या ठेवलेल्या. हवी ती चाखावी, मग घ्यावी. काही दुकाने ज्या इवल्याशा घरांत भरतात त्या घरांना 'रविवारची घरे' म्हणतात. दूरच्या शेतांवर राहणारे शेतकरी शनिवारी गावात येत, बाजार करीत, रविवारी प्रार्थनेस जात आणि परतत. त्या एका रात्रीच्या बिऱ्हाडासाठी त्यांनी बांधलेली ही घरे. दारोदार 'विल्कोमेन' अशी जर्मन पाटी टांगलेली असते.

अशाच एका दुकानात गल्ल्यावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. वय पंचाऐंशीच्या पुढे असावे. आम्ही नाणी पुढे केली तेव्हा त्या ओठांतल्या ओठांत ती मोजू लागल्या : "आइन्स, त्स्वाय, द्राय..." आम्ही सहज विचारले, "आपण घरी जर्मन बोलता काय?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बोलू कोणाशी? यजमान गेले, बहीण गेली. आता फक्त पैसे मोजते आणि प्रार्थना म्हणते." शाळेत जाईपर्यंत त्यांना इंग्रजीचा एक शब्द ठाऊक नव्हता. त्यांच्या मुलांना ऐकून समजते. नातवंडांना फक्त पदार्थांची नावे येतात. तेथील जर्मन बोलीत 'स्कंक' या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याला 'श्टिंककात्सं', म्हणजे घाणेरी मांजर, म्हणतात आणि विमानाला 'लुफ्टशिफ', म्हणजे हवेतले जहाज, हे त्यांनी आम्हांला कौतुकाने सांगितले.

ही बोली गेली कशी, याचा शोध आम्ही पुढे यथाशक्ति घेतला. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव संशयास्पद झाले आणि १९१८ मध्ये टेक्ससने सरकारी शाळांतील शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा कायदा केला. तथापि केवळ कायद्याने ती मेली नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील अमेरिकन आरमाराचे आधिपत्य ज्यांच्याकडे होते, ते ॲडमिरल निमित्झ याच गावच्या जर्मन घराण्यात १८८५ साली जन्मले. आज तेथे त्या युद्धाचे मोठे संग्रहालय आहे. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर १९६१ मध्ये या गावी आले, तेव्हा त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलणारे गावकरी पुष्कळ होते. म्हणजे कायदा होऊन चाळीसहून अधिक वर्षे लोटली तरी बोली तग धरून होती. पण एव्हाना आईबाप मुलांशी इंग्रजी बोलू लागले होते. शाळेत अडू नये, हसू होऊ नये, नोकरी मिळावी, असे त्यांचे साधे हेतू होते. त्यांनी आपल्या लेकरांचे हितच पाहिले. २००१ पासून ऑस्टिनच्या विद्यापीठातील अभ्यासक या बोलीच्या उरलेल्या भाषकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवत आहेत. ते भाषक बहुतेक वृद्ध आहेत.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वसाहतीच्या दुसऱ्याच वर्षी गावकऱ्यांनी भर रस्त्यात एक अष्टकोनी इमारत बांधली होती. तीच प्रार्थनामंदिर, तीच शाळा, तीच सभागृह. तिचा आकार पाहून लोक तिला 'कॉफीची चक्की' म्हणत. १८९६ मध्ये गावाचा सुवर्णमहोत्सव थाटाने झाला आणि पुढच्याच वर्षी ती इमारत पाडून टाकण्यात आली. पुढे हळहळ वाटली, तेव्हा १९३०च्या दशकात तशीच नवी इमारत जवळच्या चौकात उभारली. आज ती पाहायला प्रवासी येतात. बंधुभगिनींनो, इमारत पाडली तरी पुन्हा बांधता येते. आईच्या तोंडून मुलाच्या कानी पडणारी भाषा एका पिढीत थांबली, तर ती पुन्हा उभारण्याची युक्ती त्या सुखवस्तू गावालाही सापडलेली नाही. सॉसेज टिकले, कारण ते परक्याला विकता येते. परका येतो, चाखतो, दाम देतो, आणि पाककृती पुढच्या पिढीकडे जाते. बोली परक्याला विकता येत नाही. ती घरातच द्यावी लागते, आणि तिचा दाम कोणी देत नाही.

आता आमचे आम्ही सांगतो. आमचा मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याच्या बाईंनी घरी इंग्रजी बोला असे सुचविले आणि आम्ही ते शिरोधार्य मानले. शेजाऱ्यांशी हिंदी, मुलाशी इंग्रजी आणि मराठी फक्त आम्हां उभयतांत, असा क्रम पडला. पुण्याचे पाहुणे आले की आमच्या मराठीतल्या 'काय करून राहिले' या प्रयोगाला हसत. त्या लाजेनेही आम्ही पुष्कळदा गप्प बसलो. आज ऑस्टिनची नात मोदक, पुरणपोळी, श्रीखंड ही नावे स्वच्छ उच्चारते आणि आमच्याशी इंग्रजीत बोलते. त्या वृद्ध बाईंची नातवंडे आणि आमची नात, या दोहोंत आम्हांला फरक दिसला नाही.

म्हणून निराश होण्याचे कारण आहे काय? तसे आम्हांला वाटत नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळी तंजावरला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांत आजही घरी मराठी बोलली जाते. ती तमिळ शब्दांनी भरलेली आहे, पुणेकरांना ती कदाचित चटकन कळणारही नाही. पण आई मुलाला त्याच भाषेत जेवायला हाक मारते. शुद्धाशुद्धाची चिंता न करता ती बोलत राहिली, म्हणून ती राहिली.

आपल्या मंडळाचा गणेशोत्सव थाटात होतो, संक्रांतीचे तिळगूळ वाटले जातात आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या आंबेडाळीची कीर्ती बंगाली व पंजाबी शेजाऱ्यांपर्यंत पोहोचली आहे. हे सारे टिकेल, याविषयी आम्ही निश्चिंत आहोत. पुढच्या पन्नास वर्षांसाठी मंडळापुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी, की वाचनालयाच्या कपाटाची किल्ली शनिवारी संध्याकाळी मुलांच्या हाती द्यावी आणि त्या वेळी कार्यकारिणीच्या सभासदांनी त्यांच्याशी फक्त मराठीत बोलावे, मुले कशीही बोलोत. दुसरी अशी, की आपल्यातील ऐंशीच्या पुढच्या मंडळींचे बोलणे, त्यातल्या हिंदी-बुंदेली शब्दांसह, आताच ध्वनिमुद्रित करून ठेवावे. आपल्याही बोलीत 'श्टिंककात्सं'सारखे शब्द असतील. ते कोणी हसण्यावारी नेऊ नयेत.

आम्ही स्वतः आरंभ केला आहे. दर रविवारी दूरध्वनीवर नातीला एक ते वीस अंक म्हणायला लावतो. परवा ती 'अकरा'नंतर अडखळली, आणि पलीकडून तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या मुलाने, हळूच 'बारा' असे सांगितले. बऱ्याच वर्षांनी त्याच्या तोंडून ते ऐकून आम्हांला किती समाधान झाले, हे येथे बसलेल्या आजीआजोबांना निराळे सांगणे नको.