संगणकाचे राखणदार

काशीचा मुन्शी घाट बांधविला नागपूरकर भोसल्यांच्या श्रीधर नारायण या मंत्र्यांनी. पुराचा गाळ तेथून दरवर्षी धुवून काढतात. पण गाळाबरोबर पायऱ्यांचे दगड कोणी उपसत नाही.

तेथे एका मराठी गृहस्थांचा संगणक पाहताना मला हेच आठवले. वडिलांची हस्तलिखिते त्यांनी त्यात उतरविली होती. रक्षणार्थ दोन अँटिव्हायरस आणि तीन सफाईचे प्रोग्रॅम ठेवले होते. यंत्र मात्र उघडता उघडेना. दोन पहारेकरी एकच फाईल दोनदा तपासतात, प्रसंगी एकमेकांसच चोर समजतात. विंडोजमध्ये २०१२ पासून डिफेंडर अँटिव्हायरस म्हणून अंगभूत आहे. तो अद्ययावत ठेवला की घरगुती कामास बहुधा पुरतो. दुसरा हवाच असेल, तर एकच घ्यावा. तात्पुरत्या फाईली हा गाळ. तो विंडोजच काढू शकते. रजिस्ट्री ‘साफ’ करणे म्हणजे मात्र दगड हलविणे; लाभ नगण्य, आणि यंत्रच बंद पडण्याचे भय.

आम्ही पाचही प्रोग्रॅम काढले आणि डिफेंडर चालू असल्याची खात्री केली. मग हस्तलिखितांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती नागपूरला त्यांच्या भगिनींकडे धाडली. राखणदार कितीही जागरूक असला, तरी त्या प्रतीचे काम त्याच्याने होणारे नाही.