धांवत्या हृदयाचीं दोन औषधें

जुन्नर तालुक्यांतील खोडद गांवीं उभ्या असलेल्या रेडिओ-दुर्बिणीचें एक काम म्हणजे आकाशांतील स्पंदक ताऱ्यांचे ठोके टिपणें हें होय. त्या ताऱ्यांचा ताल सहसा बिघडत नाहीं. पण त्याच परिसरांत कांद्याची खुरपणी करणाऱ्या एखाद्या बाईचें हृदय एकाएकीं मिनिटास 180 ठोके देऊं लागावें, हें मात्र संभवनीय आहे. छाती धडधडते, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि ‘घाबरली असेल’ असें म्हणून घरचीं माणसें पाण्याचा तांब्या पुढें करतात.

हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमध्यें विजेचा संदेश पोंचविणारी एक गांठ असते. कधीं कधीं तो संदेश पुढें निघून न जातां घाण्याच्या बैलाप्रमाणें वर्तुळांतच फिरत राहतो. ही फेरी क्षणभर तुटली, कीं हृदय आपली मूळ चाल धरतें.

त्यासाठीं औषध लागतेंच असें नाहीं. रोग्यानें रेलून बसून 15 सेकंद जोरानें फुंकर घालावी व लगेच त्यास उताणें निजवून पाय वर उचलावे, या रीतीची परीक्षा इंग्लंडांत 428 रोग्यांवर झाली. 2015 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या परीक्षेंत शंभरांपैकीं 43 जणांची नाडी ताळ्यावर आली. नुसत्या फुंकरीनें 17 जणांचीच आली. अर्थात् हा उपाय डॉक्टरच्या देखरेखीखालींच करावा.

एवढ्यानें न भागल्यास ॲडेनोसिन किंवा वेरापामिल शिरेंतून देतात. यांत श्रेष्ठ कोणतें? सात परीक्षांतील 622 रोग्यांचा हिशेब 2017 सालीं एकत्र मांडण्यांत आला. ॲडेनोसिननें शंभरांतील सुमारें 90 व वेरापामिलच्या वर्गांतील औषधांनीं सुमारें 93 रोगी ताळ्यावर आले. हा फरक निर्णायक मानण्याजोगा नाहीं.

मग निवड कशावर करावयाची? अर्थात् रोग्याच्या प्रकृतीवर. ॲडेनोसिन झटक्यानें टोंचतात व त्याचा अंमल कांहीं सेकंदांतच सरतो; परंतु तेवढ्या वेळांत छाती आवळून ‘आतां प्राण जातो’ असें वाटतें. ही गोष्ट रोग्यास आधीं सांगणें हा डॉक्टरचा धर्म होय. दमेकऱ्यास तें देतांना धोका असतो. वेरापामिल सावकाश देतात. त्यानें ती भीति वाटत नाहीं, पण रक्तदाब उतरूं शकतो, आणि ज्याचें हृदय आधींच दुबळें आहे त्यास तें घातक ठरूं शकतें. धडधडीचा प्रकार निराळा असल्यास तेंच औषध अनर्थ करितें. म्हणून धडधड चालू असतांनाच कार्डिओग्राम काढून घेणें अगत्याचें आहे.

तेव्हां रात्रीं-अपरात्रीं रोग्यास नारायणगांवीं किंवा अन्यत्र नेणाऱ्या आप्तांनीं कोणतें औषध चांगलें, याचा वाद घालूं नये. रोग्यास दमा आहे काय, हृदयाचा जुना विकार आहे काय व रोजच्या गोळ्या कोणत्या, एवढें बिनचूक सांगावें. औषधाची निवड डॉक्टर करील. पण ती योग्य होण्यास लागणारी माहिती घरच्या माणसांपाशींच असते.