बीजसाधक दादाजी खोब्रागडे



भगवान आदिनाथांनी मानवास असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य व शिल्प ही षट्कर्मे शिकविली. पिकविणारा आणि विकणारा यांचे नाते इतके प्राचीन आहे. त्या नात्यात विकणाऱ्याचे कर्तव्य कोणते, याचा विचार विदर्भातील एका धानसंशोधकाच्या जीवनावरून करणे उचित ठरेल.

दादाजी रामाजी खोब्रागडे हे चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्याचे रहिवासी. शिक्षण इयत्ता तिसरीपर्यंत, शेती जेमतेम दीड एकर. १९८३ साली ‘पटेल ३’ या धानाच्या उभ्या पिकात त्यांना दोन-तीन लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. एरवी त्या कापणीत मिसळून गेल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढून जपून ठेवल्या, पुढील हंगामात स्वतंत्र पेरल्या आणि जनावरांपासून रक्षणासाठी भोवती काटेरी झुडपे लावली.

धानाच्या फुलात बहुधा स्वपरागीभवन होते. त्यामुळे निवडलेल्या लोंबीचे गुण पुढील पिढ्यांत पुष्कळसे टिकतात. तथापि भेसळ रोपे दरवर्षी निवडून काढावीच लागतात. ही साधना त्यांनी वर्षानुवर्षे केली. बारीक दाणा, उत्तम चव आणि भरघोस उत्पन्न हे त्या साधनेचे फळ.

१९९० च्या सुमारास एका मोठ्या शेतकऱ्याने हे बियाणे नेले. त्याचे पीक बाजारात आले तेव्हा वाणास नाव नव्हते. त्या काळी एचएमटी घड्याळे लोकप्रिय होती. व्यापाऱ्याने तेच नाव धानास दिले. ‘एचएमटी’ तांदूळ अनेक राज्यांत पोहोचला, त्यावर कित्येकांचे व्यवसाय उभे राहिले. परंतु त्या नावात दादाजी कोठेच नव्हते. पुढे त्यांनी आणखी वाण निवडले. त्यांपैकी ‘डीआरके’ या वाणात त्यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत.

२००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने त्यांची दखल घेतली. मानसन्मान लाभले, दारिद्र्य मात्र हटले नाही. अखेरच्या काळात पक्षाघाताने ते अंथरुणास खिळले आणि ३ जून २०१८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

२००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याचाही वाण-निर्माता म्हणून हक्क मान्य केला आहे. पण कायद्याआधी धर्म आहे. अचौर्य अणुव्रत न दिलेली वस्तू घेऊ नये असे सांगते. मग दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय दडविणे, हेही अदत्तादानच नव्हे काय? लाभ घेणाऱ्याने मूळ दात्याचे नाव सांगावे आणि त्याच्या पडत्या काळी पाठीशी उभे राहावे, हा व्यापारातील अपरिग्रह होय.

भोजनशाळेत एचएमटी तांदळाचा भात वाढला जाईल तेव्हा दात्यांच्या नामावलीबरोबर या बीजदात्याचेही नाव घेतले जावे. आहारदानाचा आरंभ त्याच्या ओंजळीतून झालेला असतो.

जय जिनेंद्र!