शेवटच्या नावाचा हिशेब



आपण गांधीबागेतली माणसे. कापडाचा तागा आपणांस नवा नाही. वीस मीटरच्या ताग्यातून तीन-तीन मीटरचे तुकडे फाडत गेलात, तर सहा तुकडे निघतात आणि दोन मीटर हातात राहतात. दुकानातला पोऱ्या तो उरलेला तुकडा न सांगता कटपीसमध्ये टाकतो. संगणकाला मात्र ते सांगावे लागते.

यादीतल्या प्रत्येक नावासाठी तेच काम पुन्हा पुन्हा करणे, याला लूप म्हणतात. समजा, नावांमध्ये स्वल्पविराम द्यायचा आहे. प्रत्येक नावानंतर दिला, तर शेवटच्या नावापुढेही एक लोंबकळत राहतो. माणूस तो हसून सोडून देईल. पण संगणक आपसांत माहिती पाठवताना जी जेसन नावाची लेखनपद्धती वापरतात, तीत तो चुकीचा ठरतो. तोड सोपी आहे. स्वल्पविराम नावाच्या आधी द्या आणि पहिले नाव वगळा. शेवटचे कोणते हे पुष्कळदा आधी कळत नाही, पहिले कोणते हे नेहमी कळते. पायथन भाषेत तर यासाठी जॉइन ही तयार सोयच आहे.

खरा धोका दुसरीकडे आहे. उधारीच्या नोंदी गिऱ्हाइकांच्या नावांप्रमाणे लावल्या. नाव बदलले की मागच्याची बेरीज छापायची. वाचायला निर्दोष! परंतु शेवटच्या गिऱ्हाइकानंतर नाव बदलतच नाही. त्याची बेरीज छापली जात नाही, आणि कागद पाहून कोणाला शंकाही येत नाही. फीमाफीच्या इयत्तावार यादीत मी स्वतः हीच चूक केली होती. पाचवी ते नववी छापली गेली, दहावी गळाली. एका मुलीच्या वडिलांनी विचारले तेव्हा मुदतीला दोनच दिवस उरले होते. लूप संपल्यावर हातात उरलेले छापण्याची एक ओळ लिहायची राहिली होती, एवढेच.

विद्यार्थ्यांनो, हे नाव शेवटच्या नावासारखे आहे काय, असे विचारून शेवट ओळखू नका. एका मोहल्ल्यात एकाच नावाच्या दोन मुली असतात. पहिलीपाशीच यादी संपली असे यंत्र समजेल. क्रमांक पाहा. यादी रिकामी असेल तेव्हाचेही तपासा, नाहीतर ती जादा ओळ शून्य बेरजेचे निनावी खाते छापील.

घरी गेल्यावर वहीत तीन गिऱ्हाइकांच्या सहा नोंदी लिहा आणि संगणक न लावता, बोट ठेवून एकेक ओळ चालवून पाहा.