पडदा आडवा होतो तेव्हा



कामगार चळवळीतल्या माणसाने मोबाईलच्या पडद्यावर व्याख्यान द्यावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण आज कामगाराची हजेरी, रजा, भरपाईचा अर्ज सारे या वीतभर पडद्यावर येऊन बसले आहे. तेव्हा तो उभ्याचा आडवा होताना काय घडते, हे आम्ही तरुण प्रोग्रामरांच्या शेजारी बसून समजून घेतले.

फोनच्या पोटातला अ‍ॅक्सेलेरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतो आणि तिच्यावरून पडदा फिरतो. फोन टेबलावर सपाट ठेवला, की त्या बिचाऱ्याला उभे-आडवे उमगत नाही!

खरी मेख पुढेच आहे. अँड्रॉइडमध्ये पडदा फिरला, की समोरचे दृश्य सामान्यतः मोडले जाते आणि नव्या मापाने पुन्हा उभारले जाते. जे जपण्याची तजवीज नसेल, ते त्या मोडतोडीत जाते. आमच्या एका सभासदाने अपघाताचा अर्ज अर्धा भरला, जखमेचे छायाचित्र काढण्यासाठी फोन आडवा केला, आणि परत येऊन पाहतो तो अर्ज कोरा! मालकांकडून उत्तर आले, "फोन नीट धरत जा." वस्तुतः पडदा फिरला तरी माहिती टिकावी, यासाठी गूगलने व्ह्यूमॉडेल नावाची सोय 2017 सालीच दिली होती. दोष हाताचा की आळसाचा?

कित्येक जण यावर सोपी तोड काढतात: पडदा उभाच जखडून टाकायचा. पण फोनला रात्रीचा काळा रंग चढवला तरी हीच मोडतोड होऊ शकते. कुलूप लावून काय साधले? शिवाय चाकांच्या खुर्चीला ज्याचा फोन आडवा बसवलेला आहे, त्याने मान वाकडी करून वाचावे काय? वेब सुलभतेच्या 2018 च्या जागतिक नियमावलीने अकारण जखडणे दोष ठरवले आहे. पियानोच्या पट्ट्यांसारखी खरीच गरज असेल तर गोष्ट वेगळी. चित्रफितीपुरता पडदा आडवा करावा, पण यादीकडे परतताना ते बंधन आठवणीने सोडवावे. बहुतेक घोटाळे या परतीच्या वाटेवरच होतात.

आमच्या मागणीपत्रात म्हणून एक नवे कलम घातले आहे: अ‍ॅप कामगाराच्या हाती देण्यापूर्वी अर्ज अर्धा भरावा, फोन फिरवावा, दुसरे दृश्य उघडून परत यावे, आणि एकही अक्षर गेले नाही, हे कामगार प्रतिनिधीसमोर दाखवावे.