पेत्राचं रडणं



बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’वर, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या संगीतकथेवर, बोला, असं मला सांगितलंय. रचना पावणेतीन तासांची, दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद, आणि माझ्या हाती मिनिटं मोजकी. त्यामुळे मेजर, मायनर, फ्यूग सगळं गुंडाळून ठेवते आणि थेट पेत्रापाशी जाते.

प्रसंग मत्तयाच्या, म्हणजे मॅथ्यूच्या, शुभवर्तमानातला. येशूला धरून नेलंय. त्याचा शिष्य पेत्र बाहेर अंगणात बसलाय. एक दासी म्हणते, तूही त्याच्याबरोबर होतास. तीनदा विचारणा होते आणि तीनदा हा पठ्ठ्या कानांवर हात ठेवतो. मग कोंबडा आरवतो. कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील, असं येशूनं आधीच सांगून ठेवलं होतं, ते आता पेत्राला आठवतं. तो बाहेर जातो आणि ओक्साबोक्शी रडतो. मत्तयाचं काम एका वाक्यात संपतं. बाखच्या रचनेत ही कथा सांगणारा गायक मात्र ‘रडला’ या शब्दाशी येऊन अडखळतो. सूर वळत, पिळत खाली उतरतो. इतका वेळ बातमी द्यावी तशी कथा सांगणारा माणूस इथे स्वतःच हलतो.

आणि मग व्हायोलिन. गाणं सुरू व्हायच्या आधी रडणं व्हायोलिन सुरू करतं. देवाकडे दयेची याचना करणारं हे गाणं पेत्र म्हणत नाही. पेत्राचा आवाज खर्जातला, हा आवाज आल्टो, त्याहून उंच पट्टीचा, म्हणजे दुसऱ्याच कुणाचा. का? मला वाटतं, अपराध एकट्या पेत्राचा राहू नये म्हणून. चर्चमध्ये बसलेल्या प्रत्येकानं ती याचना आपली म्हणावी.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. ते म्हणायचे, ‘व्हायोलिन कुणालाही ऐकू येतं गं, तू खालचं ऐक.’ खाली खर्जाचे स्वर पावलापावलानं चालत असतात. वर एवढा आकांत, पण ते थांबत नाहीत, घाईही करत नाहीत. बाखची श्रद्धा मला तिथे ऐकू येते. ‘रडू नकोस’ असं ते स्वर म्हणत नाहीत. रडणाऱ्याला सोडून जात नाहीत, एवढंच.

दुःख बाखला परकं नव्हतं. दहा वर्षांचा होण्याआधीच आईवडील गेले. १७२० मध्ये प्रवासाहून परतला, तर पत्नीचं दफनही उरकलेलं. वीस मुलांपैकी निम्मीच मोठी झाली. पण म्हणून हे संगीत त्याचं आत्मचरित्र ठरवायचा मोह मी टाळते. तो चर्चच्या नोकरीत होता आणि त्याला उपासनेसाठी संगीत द्यायचं होतं.

याच रचनेतली आणखी एक जागा सांगते. येशू बोलतो तेव्हा त्याच्याभोवती तंतुवाद्यांचे लांब स्वर असतात. क्रुसावर तो देवाला विचारतो, मला का टाकलंस, तेव्हा मात्र ते स्वर नसतात. भर मैफलीत तंबोरा थांबावा, तसं होतं. बाख तिथे सांत्वन करत नाही. शेवटीही पुनरुत्थान नाही. कबरीपाशी बसलेली माणसं आहेत आणि त्यांचं गाणं आहे.

आता माझी एक तक्रार. दयेच्या याचनेचं ते गाणं हल्ली ‘मनःशांतीसाठी संगीत’ अशा संग्रहांत सुटं घालतात. आधीचा कोंबडा गायब, नंतरचं स्तोत्रही गायब. ते स्तोत्र अगदी साधं, कुठल्याही मंडळीला येईल असं: मी भरकटलो होतो, परत आलोय. एकट्याच्या रडण्यानंतर इतके आवाज एकदम उठतात, आणि ते ऐकल्याशिवाय पेत्राच्या रडण्याचा अर्थ लागत नाही.

तेव्हा एवढं करा. कुठलंही ध्वनिमुद्रण मिळवा. दासीच्या प्रश्नापासून सुरुवात करा आणि ते स्तोत्र संपेपर्यंत उठू नका. दहा-बारा मिनिटांचाच प्रश्न आहे. भाषा कळणार नाही, चालेल. स्वयंपाक करताना मात्र ऐकू नका.